मागचे स्पीकर बदलले आणि आण्णांच्या कानाचं कळलं



डाळिंबाची बाग सध्या ताणावर आहे. मृग बहार धरायचाय, पाणी तोडलंय, त्यामुळं हाताला जरा सवड आहे. या सवडीत एक काम उरकलं. गाडीतले कंपनी फिटिंगचे मागचे स्पीकर काढले आणि नवे बसवले. शेतीच्या पेजवर स्पीकरचं काय, असं कुणी म्हणेल. पण शेवटपर्यंत वाचा, विषय आपल्या सगळ्यांच्या घरातला निघाला.

आमची गाडी म्हणजे 12 वर्षांची डिझेल सेडान, सेकंड हँड घेतलेली. पुढं मी, मागं आण्णा आणि आई. पंढरपूर, सांगोला, कधी सोलापूरचा दवाखाना, एवढाच तिचा प्रवास. वाटेत आण्णांना रेडिओवरचा शेतीचा कार्यक्रम लागतो, हवामान लागतं, नाहीतर मोबाईलवरचं कीर्तन. गेलं वर्षभर त्यांचं एकच म्हणणं, "आवाज येतोय रं, पण काय बोलतोय ते कळंना." मग पुढून आवाज वाढवायचा. तो माझ्या गुडघ्यापाशी आदळायचा आणि मागच्या ट्रकचा हॉर्न मला ऐकू यायचा नाही. म्हटलं, आता बघूच.

आधी तपासणी, मग खर्च

टेपच्या सेटिंगमध्ये 'फेडर' असतो. आवाज पुढं द्यायचा की मागं, हे त्याच्यावर ठरतं. फेडर पूर्ण मागं नेला. डावा स्पीकर फाटक्या पत्र्यासारखा वाजत होता. उजवा मधेच यायचा, मधेच जायचा. म्हणजे मागच्या सीटवर पोचत होता तो बहुतेक पुढच्याच स्पीकरचा आवाज. बॅलन्सनं एकेक बाजू वेगळी ऐकली की कुठला स्पीकर आजारी आहे ते पाच मिनिटांत कळतं. त्यासाठी दुकानात जायची गरज नाही.

पुतण्या आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतोय. त्याला हाताशी घेतलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि मागच्या काचेखालचा ट्रे उचलला. सेडानमध्ये बहुतेक तिथंच लंबगोल 6 बाय 9 इंची स्पीकर असतात. हॅचबॅकमध्ये मागच्या दारात गोल, साधारण साडेसहा इंची.

काढल्यावर दिसलं ते असं:

1. कागदी कोन उन्हानं तपकिरी झालेला. मागच्या काचेतून थेट ऊन पडतं आणि गाडी दिवसभर बांधावर उभी. कोनाभोवतीची फोमची कड बोट लावलं की भुगा होत होती. कड गेली की कोन सरळ हलत नाही, आतली कॉईल चुंबकाला घासते, आणि तीच ती खरखर.

2. उजव्या स्पीकरच्या टर्मिनलवर हिरवा थर. आधीच्या मालकाचा खताचा धंदा होता आणि पोती याच डिकीतून जायची. कॅल्शियम नायट्रेट, युरिया ही खतं हवेतला ओलावा ओढतात, हे आपल्याला माहीत आहेच. तो खारट ओलावा तांब्या-पितळेला खातो. ड्रिपच्या कंट्रोलरच्या वायरी जशा हिरव्या होतात, तसंच हे.

3. तिसरी गोष्ट कृषी सहायक मंडळींनी जरूर सांगत जावी. स्पीकर काढल्यावर ट्रेला दोन मोठी भोकं दिसतात. त्यातून डिकी आणि गाडीची आतली जागा सरळ जोडलेली असते. डिकीत कीटकनाशकाची बाटली गळली तर वास मागच्या सीटवर बसलेल्या लेकराच्या नाकात जाणार. आम्ही औषधं पिकअपच्या हौद्यातून, वेगळ्या क्रेटमध्ये आणतो. ज्यांच्याकडं फक्त कार आहे त्यांनी निदान घट्ट झाकणाचा डबा वापरावा आणि काचा उघड्या ठेवाव्यात.

पुतण्यानं मल्टिमीटर लावला. 4 ओहमचा स्पीकर धड असेल तर मीटरवर साधारण 3.2 ते 3.8 दाखवतो. डाव्याची कॉईल 3.5 होती, म्हणजे वीज जात होती, फक्त कड मेलेली. उजव्याचा आकडा नाचत होता. दोन्ही निकामी.

खोक्यावरचा आकडा आणि खरा आकडा

दुकानात गेलं की खोक्यावर मोठ्या अक्षरात 400 वॅट, 500 वॅट. हे म्हणजे बियाणाच्या पिशवीवरच्या विक्रमी उताऱ्यासारखं. कुणाच्या तरी रानात, कधीतरी, घटकाभर. आपण बघायचं 'आरएमएस', म्हणजे सतत झेपणारी ताकद.

आणि टेप तरी किती देतो? गणित सोपं आहे. गाडी चालू असताना बॅटरीवर 14.4 व्होल्टच्या आसपास असतात. वेगळा ॲम्प्लिफायर नसेल तर साध्या टेपला एवढ्यावरच भागवावं लागतं. 4 ओहमच्या स्पीकरवर यातून सतत मिळणारी स्वच्छ ताकद जास्तीत जास्त 26 वॅट निघते, प्रत्यक्षात 15 ते 20. पंप तेवढ्याचाच असेल तर खाली कितीही जाड पाईप टाकला म्हणून पाणी वाढत नाही.

अशा वेळी बघायचा आकडा दुसराच, 'सेन्सिटिव्हिटी'. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, ते. 90 आणि 93 यांत फरक नुसता तीनचा दिसतो, पण 3 डेसिबल म्हणजे ताकद दुप्पट. 93 चा स्पीकर निम्म्या विजेत तेवढाच वाजतो. आम्ही 92 चा घेतला, आरएमएस 60 वॅट, 4 ओहम. जोडी 2800 रुपयांना पडली.

अजून तीन गोष्टी बघितल्या. कोन पॉलिप्रॉपिलीनचा, कड रबराची, म्हणजे ऊन आणि दमटपणा जास्त सोसतो. खोली मोजली, कारण चुंबक खाली डिकीत किती येतो ते महत्त्वाचं. दारातला स्पीकर असेल तर काच खाली घेऊन मोजा, नाहीतर काच चुंबकावर आपटते. तिसरं म्हणजे स्पीकर कोअॅक्शियल घेतला, मधोमध छोटा ट्विटर असलेला. जुन्या स्पीकरमध्ये एकच कोन होता. भजनाचा मृदंग त्यातून यायचा, पण टाळ आणि शब्दांची धार यायची नाही.

बसवताना

कंपनीची वायर कापली नाही. जोडणीचा तयार कपलर मिळतो, तोच वापरला. उद्या गाडी विकायची झाली तरी वायरिंग जसंच्या तसं राहतं.

प्लस-मायनस नीट बघा. स्पीकरची रुंद पट्टी बहुतेक प्लस असते, अरुंद मायनस. खूण पुसली असेल तर वायर जोडायच्या आधी, सुट्या स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलचं प्लस ज्या पट्टीला आहे तीच प्लस. एक स्पीकर उलटा लागला तर एक बाहेर ढकलतो, दुसरा आत ओढतो, आणि जाड आवाज एकमेकांत मरतो. स्पीकर चांगला असूनही "मजा येत नाही" म्हणतात, तिथं पुष्कळदा हेच असतं.

स्पीकरची मायनस वायर गाडीच्या बॉडीला कधीच टेकवू नका. बल्बचं मायनस बॉडीला चालतं, स्पीकरचं नाही. आजकालच्या टेपमध्ये दोन्ही वायरींवर वीज असते. बॉडीला लागली तर टेप जळू शकतो.

स्पीकर आणि ट्रे यांच्यामध्ये फोमची पट्टी लावली. फट राहिली तर पुढची हवा आणि मागची हवा मिसळते आणि आवाज पातळ होतो. टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा हलका हात, बॅटरीला लावतो तसाच. आणि डिकीच्या बाजूनं चुंबकावर जाळीचं झाकण, कारण डाळिंबाचे क्रेट आत सारताना कुणी बघत बसत नाही. सगळं मिळून अडीच तास लागले.

निकाल

आधी मागं ऐकू जावं म्हणून टेप 26 वर लागायचा. आता 15 वर भागतं. मोबाईलच्या ॲपवर माझ्या कानापाशी मोजलं. ॲप अचूक नसतं, पण आधी-नंतरची तुलना होते. सात-आठ डेसिबल उतरले. मागच्या ट्रकचा हॉर्न परत ऐकू यायला लागला. आई म्हणाली, "आता कसं समोर बसून बोलल्यागत वाटतंय." बोलणं स्पष्ट हवं असेल तर बास दोन घरं खाली, ट्रेबल दोन घरं वर, एवढी सेटिंग पुरे.

आण्णा मात्र गप्प. विचारलं तर म्हणाले, "बरं हाय की." पुतण्यानं मोबाईलवर बाजारभाव लावले. भाव सांगितला 'साठ रुपये'. आण्णांनी विचारलं, "आठ? एवढं पडलं?"

तिथं डोक्यात उजेड पडला. आपण रानात काय करतो? झाड सुकत असेल तर आधी फिल्टर धुतो, मग लॅटरल बघतो, ड्रिपर बघतो, आणि पाणी पोचत असूनही झाड सुकतंय म्हटल्यावर मूळ उकरतो. इथं स्पीकर आता धड होता, आम्हा चौघांत तिघांना शब्द न् शब्द कळत होता. मग राहिला होता कान.

आणि मागच्या गोष्टी जुळायला लागल्या. दोन वर्षं झाली, आण्णा सौद्याला येत नाहीत. गुडघे दुखतात म्हणायचे. आयुष्यभर आमच्या मालाची बोली त्यांनी उभं राहून ऐकली. साठ आणि आठ, सात आणि हात यांतला फरक कळेना झाल्यावर चारचौघांत हसं नको म्हणून माणूस घरी बसला. फोनही ते आईकडं द्यायला लागले होते. आम्ही म्हणत होतो, वय झालं.

कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. बंद खोलीत हेडफोन लावून तपासणी झाली, अर्ध्या तासाची. कागदावर आलेखाची रेघ 4000 हर्ट्झपाशी खड्ड्यागत खाली गेलेली. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "ट्रॅक्टर किती वर्षं चालवला?" तीस वर्षं, बिनकेबिनचा. वर हंगामात मळणी यंत्र. मोठ्या आवाजानं कान जातो तेव्हा पहिल्यांदा हाच भाग जातो, असं त्यांनी समजावलं. अ, आ, ओ हे जाड स्वर ऐकू येत राहतात, म्हणून माणूस म्हणतो "आवाज येतो". स, श, फ, त ही बारीक धारेची अक्षरं गळतात, म्हणून तोच माणूस म्हणतो "कळत नाही". कानाच्या आतल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. वरचा आवाज वाढवून उपयोग नाही, गळलेला तेवढा भाग वाढवून देणारं यंत्र लागतं.

सुरक्षित मर्यादेचा हिशोब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास. पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला 4 तास, 91 ला 2 तास, 100 ला फक्त 15 मिनिटं. केबिन नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानापाशी 90 च्या पुढं सहज जातं. आता आपण नांगरटीला किती तास बसतो ते ज्याचं त्यानं मोजावं. आणि वर मडगार्डवर मोठा बॉक्स लावून गाणी. इंजिनाच्या वर गाणं ऐकू यायचं तर ते इंजिनापेक्षा मोठंच लावावं लागतं, म्हणजे कानाला दुहेरी मार.

आमच्याकडं आता कानावरचे दोन मफ आणलेत, काही शे रुपयांचे. एक ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला टांगलेला, एक ब्लोअरवर. पुतण्याला सांगितलंय, मफ नाही तर किल्ली नाही. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "काका, लोक हसतील." म्हटलं, आण्णांना विचार, कशाला हसतात लोक.

आण्णांचं यंत्र पुढच्या आठवड्यात येतंय. सवय व्हायला महिना-दोन महिने लागतात, सुरुवातीला भांड्याचा आवाजही टोचतो, असं सांगितलंय. बहाराचा माल निघेपर्यंत भरपूर वेळ आहे. या वेळी बोलीला त्यांनाच पुढं उभं करायचं ठरवलंय.

तुमच्या घरात टीव्हीचा आवाज कुणासाठी वाढवावा लागतो? आणि त्यांनी ट्रॅक्टर किती वर्षं चालवला? कमेंटमध्ये लिहा. स्पीकरबद्दल काही विचारायचं असेल तर तेही विचारा, पुतण्या उत्तर देईल.