आपाचा हिस्सा

2023 साली बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आल्या, 29 जूनला. आमच्या गावात ठरलं की ईदची नमाज त्या दिवशी, कुर्बानी दुसऱ्या दिवशी. राज्यात अनेक गावांनी असंच केलं. निर्णय चांगलाच होता, घोळ केला तो आमच्या घाईने.

पुण्यात आपा एकटी राहते. तिचा हिस्सा दरवर्षी आम्हीच पोहोचवतो. शुक्रवारी सकाळी बोकडाची कुर्बानी झाली. दिराची बोलेरो कॅम्पर जुम्याच्या नमाजनंतर पुण्याला निघणार होती, आम्हीही निघालो. पाच किलो मटण, अजून कोमटच, पिशव्यांत बांधून स्टीलच्या डब्यात एकावर एक रचलं. वर दोन किलो बर्फ टाकला आणि डबा मागच्या उघड्या हौद्यात ठेवला. त्या वर्षी पाऊस लांबला होता, ऊन नुसतं भाजत होतं. कडा गाव गेलं तेव्हा डब्यातून पाणी ठिबकत होतं. आम्हाला वाटलं, चला, गारवा आहे!

आपाच्या ओट्यावर मधली पिशवी सोडली आणि वास आला. कुर्बानीचा हिस्सा म्हणजे अमानत. आपा एक शब्द बोलली नाही, तिने खिचडी टाकली. ती खिचडी आमच्या घशाखाली उतरेना.

गंमत म्हणजे दहावीला अप्रकट उष्मा आम्हीच शिकवतो. एक ग्रॅम बर्फ वितळताना 80 कॅलरी शोषतो. हिशेब घरी येऊन मांडला: ताजं मटण 38 अंशांच्या आसपास असतं. तेवढं पाच किलो मटण 5 अंशांवर आणायलाच दीड किलोहून जास्त बर्फ खर्च होतो. मग उन्हासाठी उरलं काय? म्हणजे बर्फाकडून मटण थंड करून घ्यायचं नसतं, थंड झालेलं मटण फक्त राखून घ्यायचं असतं.

2024 ला ईद 17 जूनला होती. मटण आधी परातीत पसरून पंख्याखाली निववलं, मग लहान चपट्या पिशव्या करून फ्रीजरमध्ये. जाडजूड पिशवीचा मधला भाग गोठत नाही, खराबी तिथूनच सुरू होते. रात्री दोनदा लाइट गेली, पण फ्रीजरचं दार कुणाला उघडू दिलं नाही. पाण्याच्या बाटल्याही गोठवल्या. बाटलीतला बर्फ वितळला तरी मटण भिजत नाही. बाटल्या खाली, बाजूला आणि वरही लावल्या, कारण गार हवा खाली उतरते. डबा थर्माकोलचा, झाकणाला चिकटपट्टी, वरून जुनी गोधडी. पहाटे फजरनंतर निघालो, डबा आत पायांशी ठेवला. शिरूरला चहासाठी थांबलो तेव्हा धाकट्याला डबा उघडून बघायचा होता. त्याला दटावलं.

आपाने वरची पिशवी उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"अरे, हे तर दगड झालंय! आता मी शिजवू कधी?"

दुपारच्या जेवणाला तीन वाजले.