पाण्याचे पिंप आणि पावतीपुस्तक

दर वर्षी ४ डिसेंबरच्या रात्री आम्ही वस्तीतील दहा-बारा जण दादरला उतरतो. सामान ठरलेले असते. दोन पिंपे, दोरीत ओवलेले स्टीलचे पेले, चुरमुऱ्यांचे पोते, बिस्किटांचे खोके, पंचशील ध्वज आणि आमच्या काखेत पावतीपुस्तक. बी.कॉम. झाल्याची शिक्षा म्हणा, हिशेब कायम आमच्याच गळ्यात.

स्टेशनाबाहेर रस्ता विचारावा लागत नाही. पांढरी साडी, पांढरा सदरा, कडेवर लेकरू, डोक्यावर गाठोडे अशी माणसे रानडे रोडने समुद्राच्या दिशेने चाललेली असतात. कोणी नांदेडचे, कोणी अकोल्याचे. गाठोड्यात दोन दिवसांच्या भाकरी. शिवाजी पार्कच्या धुळीत जो तो चादर अंथरतो. बाजूला पुस्तकांचे स्टॉल असतात, आणि भाकरीला चटणी लावून खाणारा माणूस तेथे दोनशे रुपयांचे पुस्तक मागेपुढे न पाहता घेतो, हे आम्ही दर वर्षी पाहतो.

७ डिसेंबर १९५६ रोजी याच किनाऱ्यावर बाबासाहेबांना अखेरचा निरोप दिला गेला. तेथील स्तूपाचे उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झाले. दर्शनाच्या रांगेत तासन् तास जातात. आमचे पिंप त्या रांगेच्या कडेला.

पाणी वाटणे सोपे वाटते, पण तसे नाही. दोघांनी नळावरून आणायचे, एकाने ओतायचे, एकाने पेले विसळायचे. पहिल्या वर्षी आम्ही कागदी पेले आणले. वाऱ्याने ते मैदानभर उडाले आणि रात्री एक वाजेपर्यंत वेचत बसलो. तेव्हापासून स्टील. काही ठिकाणी पेला लहान आणि वाटणाऱ्या पुढाऱ्याचा फोटो मोठा असतो, त्याविषयी न बोललेले बरे.

एका वर्षी परभणीकडची एक आजी पाणी पिऊन पदराची गाठ सोडू लागली. दोन रुपयांचे नाणे तिने पिंपावर ठेवले. आमचा पोरगा म्हणाला, "आजी, पैसे नकोत. फुकट आहे."

आजी भडकली. "फुकट कसं रे लेकरा? आमी काय मागायला आलो व्हय? लिव माझं नाव."

आम्ही दोन रुपयांची पावती फाडली. तिने ती वाचून घेतली, घडी घालून चोळीत ठेवली आणि रांगेत पुढे सरकली.

त्या पावतीने आमची झोप उडवली. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाला आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यायला सांगितले होते. हे आम्ही व्यासपीठावरून कितीदा तरी ऐकवले. घरी येऊन स्वतःचा हिशेब मांडला, तेव्हा विसावा राहू द्या, शंभरावा भागही भरत नव्हता. सौ.नेही आकडा पाहिला आणि काही न बोलता चहा ठेवला.

पुढच्या बैठकीत हा आकडा आम्ही वाचून दाखवला. मग वाद पेटला. एक जण म्हणाला, वर्षभर जमवायचे आणि दोन दिवसांत पाण्या-बिस्किटांवर उडवायचे. इकडे अभ्यासिकेत ट्यूबलाईट नाही, दहावीची पोरे जिन्याखाली वाचतात. ताई मंडळी उसळली. दूरवरून आलेली लेकरे तहानलेली ठेवायची का? दोन्ही बाजू खऱ्या होत्या. रात्री साडेअकराला ठरले, वर्गणी निम्मी दादरला, निम्मी अभ्यासिकेला. शिवाय हार-मेणबत्त्यांऐवजी वही आणि पेन आणण्याचा जो प्रघात आता पुष्कळ ठिकाणी पडला आहे, तो आपणही पाळायचा. २०२० साली कोरोनामुळे दादरला गर्दी करू नये असे सांगण्यात आले. त्या वर्षी सारी रक्कम वस्तीतच धान्याला आणि मुलांच्या मोबाईल रिचार्जला गेली. आम्ही मात्र ठरवून पगाराच्या दिवशीच विसावा भाग बाजूला काढू लागलो. तीन महिने पाळले, चौथ्यात दवाखाना निघाला, पाचव्यापासून पुन्हा सुरू.

७ डिसेंबरला पहाटे मैदान रिकामे होते. आम्ही खराटे घेतो. आपल्या पिंपाभोवतीची जागा आपणच झाडायची, हा ताई मंडळींचा नियम. गेल्या खेपेस पेले मोजले तर पन्नासपैकी अठ्ठेचाळीस भरले. पोरगा शोधायला निघाला. आम्ही म्हटले, राहू दे, खर्चात लिहितो.