आत्याचे तीस टक्के

पुणेकराला ‘फुकट’ या शब्दापेक्षा ‘वसूल’ हा शब्द जास्त प्रिय आहे, असं माझं जुनं निरीक्षण आहे. फुकट मिळालेल्या गोष्टीकडे आपण जरा संशयानेच बघतो. पण पैसे मोजून घेतलेल्या गोष्टीतून शेवटचा थेंब काढण्यात जे समाधान आहे, ते काही औरच! नाटकाचं तिकीट काढलं की रटाळ तिसरा अंकसुद्धा आपण उठून न जाता बघतो. तर अशा माणसाच्या हातात वार्षिक फी असलेलं भारीतलं क्रेडिट कार्ड आलं की काय होतं? हिशेबाची वही निघते, दुसरं काय!

माझ्या कार्डाची फी १२,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १४,७५०. फी भरली की १२,५०० पॉइंट खात्यात येतात आणि पुढे दर १५० रुपये खर्चामागे ५ पॉइंट. या पॉइंटांची गंमत अशी, की त्यांची किंमत तुम्ही ते कुठे वापरता यावर ठरते. बँकेच्याच संकेतस्थळावरून विमानाचं तिकीट किंवा हॉटेल घेतलं तर एका पॉइंटाचा एक रुपया. दुकानांची व्हाउचरं घेतली तर पन्नास पैसे. बिलातून वळते करून घेतले तर तीस पैसे.

दोन वर्षांत माझ्याकडे ६३,००० पॉइंट जमले. त्यातले २५,००० फीचे, उरलेले ३८,००० साधारण ११ लाख ४० हजारांच्या खर्चाचे. म्हणजे किराणा, औषधं, फ्रिज, मुलीचे कपडे, आणि जे जे काही घरात लागतं ते सगळं. दोन वर्षांची फी २९,५००. आता बघा : प्रवासाला वापरले तर ६३,००० वजा २९,५००, म्हणजे ३३,५०० रुपये निव्वळ लाभ. व्हाउचरं घेतली तर जेमतेम २,०००. आणि बिलातून वळते केले तर उलट १०,६०० रुपये खिशातून गेले! ज्याला प्रवास करायचाच नाही त्याने असलं कार्ड घेणं म्हणजे पोहायला न येणाऱ्याने तलावाचा वार्षिक पास काढण्यासारखं आहे.

हे एवढं तर बहुतेकांना माहीत असतं. खरा वाद पुढे सुरू होतो.

आमचा बंगळूरचा भाचा या विषयातला तज्ज्ञ. त्याचं म्हणणं, “मामा, एका पॉइंटाला एक रुपया म्हणजे वाया घालवणं आहे. परदेशी विमान कंपनीच्या माइल्समध्ये बदल, सिंगापूरचं बिझनेस क्लासचं तिकीट काढ. एका पॉइंटाचे सहज दोन रुपये सुटतील!” गणित चुकीचं नाही. पण मला एकच प्रश्न पडतो, की स्वतःच्या खिशातून बिझनेस क्लासचं तिकीट मी कधी काढलं असतं का? नाही. मग ते वाचलेले पैसे कुठले? पॉइंटाची किंमत तिकिटावर छापलेल्या आकड्यावरून ठरवायची नसते, एरवी आपण त्या प्रवासाला किती मोजले असते त्यावरून ठरवायची असते. शिवाय असं तिकीट पुण्याहून मिळेल याचा भरवसा नाही. विस्ताराने पुणे–सिंगापूर थेट विमान डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलं होतं, पण ती कंपनीच १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. आपल्या लोहगावहून परदेशी जाणारी विमानं आजही मोजकीच. मुंबई गाठायची तर जाण्यायेण्याची टॅक्सी आणि एक्स्प्रेसवेवरचे तास त्या ‘वसुली’तून वजा करायला नकोत का?

आणि परदेशात कार्ड वापरताना अजून एक. पुष्कळ कार्डांवर परकी चलनासाठी साडेतीन टक्के आणि वर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के लागतात. पॉइंट मिळतात ३.३३ टक्क्यांचे. म्हणजे प्रत्येक खरेदीला थोडा थोडा तोटाच! माझ्या नातेवाइकांपैकी जे मुलांकडे जाऊन येतात त्यांनी आपल्या कार्डाचा हा आकडा आधी बघून ठेवावा. आणि तिथल्या दुकानात ‘रुपयांत घेऊ का?’ असं विचारलं तर सरळ नाही म्हणावं. तो रुपयांचा दर सहसा त्यांच्या सोयीचा असतो.

भाच्याचं दुसरं म्हणणं होतं की घाई कशाला, साठू देत. इथे मात्र माझं आणि त्याचं अजिबात जमत नाही. पॉइंट हा पैसा नव्हे. त्यावर व्याज मिळत नाही, माझे तर तीन वर्षांनी बादच होतात, आणि त्यांचा भाव ठरवणारी कंपनी तो हवा तेव्हा बदलू शकते. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला लाखाच्या खर्चामागे २५,००० पॉइंट मिळत. सप्टेंबर २०२३ पासून ते बंद झाले. पाच पॉइंटांचे चार माइल्स मिळायचे तिथे दोन मिळू लागले. त्याच्या आधी १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजची उड्डाणं थांबली. माइल्सचा कारभार वेगळ्या कंपनीकडे होता म्हणून माइल्स तेवढे उरले, विमानं मात्र गेली! साठवून ठेवायला पॉइंट म्हणजे काही लोणचं नव्हे.

पण हे सगळं झालं डोक्याचं. मला घाई होती ती आत्यासाठी.

आत्या ७४ वर्षांची. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं आणि घरी कादंबऱ्या वाचल्या. मामा वरेरकरांनी मराठीत आणलेला शरच्चंद्र तिने किती वेळा वाचला असेल ते तिलाच ठाऊक. कलकत्ता बघायचं, आणि शरच्चंद्र जिथे राहिले ते देउलटीजवळचं सामताबेडचं घर बघायचं, ही तिची चाळीस वर्षांची इच्छा. आधी शाळा, मग आजीचं आजारपण, मग आणखी काही. आता दोन्ही गुडघे बोलायला लागले होते. डॉक्टरांनी ऑपरेशनची गोष्ट काढली होती, आणि आझाद हिंद एक्स्प्रेसने दीड दिवस बसून जाणं काही तिला झेपणारं नव्हतं.

अडचण अशी, की आत्या कोणाचे पैसे घेत नाही. रिक्षाचेसुद्धा. म्हणून मी मोठ्या हुशारीने सांगितलं, “अगं, पैशांचा प्रश्नच नाही. पॉइंट आहेत. फुकट आहे.”

“फुकट कोण देतं रे? कोणीतरी भरत असणारच. कोण भरतं ते सांग,” आत्या म्हणाली.

झालं! गणिताच्या बाईंसमोर उत्तर देणं भाग होतं. दुकानदार भरतो, मी म्हटलं. कार्डाने दिलेल्या शंभरातले दीड-दोन रुपये त्याच्या हातीच पडत नाहीत. म्हणून तर आमचा कोपऱ्यावरचा वाणी कार्ड बघितलं की “यूपीआय करा ना” म्हणतो. आणि दुसरे भरतात ते, ज्यांना महिन्याचं पूर्ण बिल फेडता येत नाही. सर्वसाधारण कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे वर्षाला ४२. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांच्या वरचं व्याज अन्याय्य ठरवलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे कोणीतरी अडलेला माणूस माझ्या तिकिटाचे पैसे भरणार.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. मी पॉइंट वापरले नाहीत तर ते त्या माणसाला परत जात नाहीत, एवढंच मी म्हणू शकलो. तिला ते पटलं नाही, पण तिने कागद-पेन मागितलं.

आम्ही तिघं जाणार होतो. मी, आई आणि आत्या. पुणे–कलकत्ता जाऊन-येऊन तिकिटं ४२,०००. चार रात्री दोन खोल्या ४८,०००. एकूण ९०,०००. आता माझ्या कार्डाचा नियम असा, की पॉइंटांनी फक्त ७० टक्के रक्कम भरता येते. उरलेले तीस टक्के रोख मोजावे लागतात. मला हा नियम नेहमी खटकत असे. आत्याला मात्र तेवढाच आवडला. ७० टक्के म्हणजे बरोब्बर ६३,०००, आणि उरले २७,०००.

“हे माझे,” ती म्हणाली. “आणि वाण्याला यापुढे कार्ड द्यायचं नाही.”

दोन्ही अटी मान्य केल्या. भाच्याच्या हिशेबाने मी पॉइंट अर्ध्या किमतीत घालवले. मी त्याला काही बोललो नाही.

नव्या टर्मिनलमधल्या लाउंजमध्ये बरीच मोठी रांग होती. आत्याने रांग बघितली आणि पिशवीतून दशम्या काढल्या. कलकत्त्यात ट्राम बघितली, जोडासाँकोचा ठाकूरबाडा बघितला. देउलटीला टॅक्सीने गेलो. ते भाडं काही पॉइंटांत बसत नाही, ते आईने दिलं. रूपनारायणच्या बाजूचं ते दुमजली घर आत्याने सगळं फिरून बघितलं. मग व्हरांड्यात बसली आणि म्हणाली, “मी जरा मोठं धरलं होतं.” यावर दोघी नणंद-भावजया इतक्या हसल्या, की तिथला माणूस बघायला आला!

परत आल्यावर दीड महिन्याने एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता सारसबागेपर्यंत चालत जाते. तिने मला एक नियम घालून दिलाय, तो सगळ्यांसाठी इथे लिहून ठेवतो : पॉइंट साठवायचे तर ते कोणासाठी आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे आधी कागदावर लिहायचं. लिहिता येत नसेल तर कार्ड बंद करायचं. बंद करायला सांगितल्यावर बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत ते करावंच लागतं, थकबाकी नसेल तर उशिराला दिवसाला ५०० रुपये दंड आहे. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम मीच तिला वाचून दाखवला होता.

माझ्या कागदावर सध्या एक नाव आणि एक महिना लिहिलेला आहे. दुसरा गुडघा व्हायचाय, त्यानंतरचा.