शेवटून पहिला

हळू बोलणाऱ्याला आपल्याकडे विचारी म्हणतात, हळू चालणाऱ्याला भारदस्त म्हणतात आणि हळू जेवणाऱ्याला तर वैद्यही शाबासकी देतात. हळू धावणाऱ्याला मात्र कोणी क्षमा करीत नाही. धावायचे तर वेगाने, नाही तर मुकाट्याने चालायचे, असा दंडक कोणी घालून दिला आहे देव जाणे! मी गेली सहा वर्षे तो रोज सकाळी मोडीत आलो आहे. एक किलोमीटर धावायला मला १० मिनिटे लागतात.

जळगावच्या मेहरूण तलावाकाठी या धावण्यावर अभिप्राय देणाऱ्यांची वाण नाही. एक निवृत्त गृहस्थ म्हणतात, "अहो, तुमच्या आधी मी चालत पोहोचेन!"

"अवश्य पोहोचा," मी म्हणतो, "मला अजून धावायचे आहे."

मुलाकडे धुळ्याला गेलो की पांझरेच्या काठी एखादा रिक्षावाला रिक्षा हळू करून विचारतो, "कथा चालना, भो?" त्या बिचाऱ्याला वाटते, म्हाताऱ्याची गाडी चुकते आहे!

परक्यांचे हसणे वाऱ्यावर जाते. घरच्यांचा शब्द मात्र छातीत रुततो. माझा मुलगा चांगला धावतो. एकदा तो म्हणाला, "बाबा, तुम्ही नुसते चाला ना. ओळखीचे लोक हसतात." त्यानंतर दोन दिवस मी बुटांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र मनाशी हिशेब मांडला.

१९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि १९वे आले. पहिल्याच्या मागे सुमारे १८ मिनिटे! म्हणून काय त्यांचे धावणे वाया गेले? १९६८ साली मेक्सिकोत टांझानियाचा जॉन स्टीफन अख्वारी पडला, गुडघा दुखावला, तरी तो लंगडत शेवटपर्यंत गेला. ७५ जण निघाले होते, ५७ पोहोचले, हा ५७वा. विजेत्यानंतर तासाभराहून अधिक वेळाने आलेल्या या माणसाचे नाव आज विजेत्याच्या नावापेक्षा अधिक ओठांवर असते.

शिवाय आपले खानदेशचे ऊन! मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो. अशा हवेत शरीराला कातडीकडे जास्त रक्त धाडून अंग थंड राखावे लागते, आणि हृदयावर तो भार वाढीव पडतो. उन्हाळ्यात आमच्याकडे पहाटसुद्धा कोमटच उगवते. तिथे सावकाशीला आळस म्हणणे म्हणजे शहाणपणाला नावे ठेवणे.

आणि आमची चाळीसगाव-धुळे गाडी? हा फाटा १९०० सालचा. मुंबईच्या वेगवान गाड्या चाळीसगाववरून धडधडत निघून जातात. पण ज्याला धुळ्याला उतरायचे आहे, त्याला त्यांच्या वेगाचे काय कौतुक? ज्याचा त्याचा मुक्काम, ज्याची त्याची गाडी. हिशेब पुरा झाला आणि मी बुटांच्या नाड्या बांधल्या.

गेल्या दिवाळीत धुळ्याला होतो. पाडव्याच्या पहाटे मुलगा आपण होऊन माझ्याबरोबर निघाला. आरंभी तो तीनदा पुढे गेला आणि तीनदा थांबला. मग मात्र माझ्या पावलाशी पाऊल जुळवून राहिला. धीम्या धावेत दम पुरतो, माणसाला बोलता येते. पांझरेकाठी तो बोलू लागला. नोकरीत त्याचा जीव रमत नव्हता. आठ महिने हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते. मी सल्ला दिला नाही. नुसते ऐकत धावत राहिलो. वाटेत त्याच्या ओळखीचे कोणी तरी आमच्याकडे पाहून हसले. त्याने हात हलवून त्यांना दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या आणि पुढचे वाक्य सुरू केले.

घरी आलो तेव्हा फराळाची ताटे मांडून झाली होती. सूनबाईंनी दारातच विचारले, "एवढा उशीर?"

"बाबांबरोबर धावत होतो," तो म्हणाला, आणि माझ्या आधी त्यानेच चकलीला हात घातला.