टाळ, कूळ, सागर

कुंभकोणमला बदली झाली तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती आणि हे तिचं तिसरं गाव. दर गावी नवी शाळा, नवी भाषा, आणि पहिले तीन महिने रोज सकाळी पोटात दुखणं. या खेपेला आम्ही ठरवलं, दोन वर्षं घरीच शिकवू. अमेरिकेतली माझी मावसबहीण तेच करते. तिच्या चर्चमधल्या दहा-बारा घरांचा गट आहे, त्याला ती को-ऑप म्हणते. एकीकडे विज्ञान, दुसरीकडे चित्रकला, मध्ये प्रार्थना आणि डबे. असं काही इथेही असेल, असं मी धरून चालले होते.

शेजारीण म्हणाली, ''अय्यरांना विचारा.'' मी ख्रिस्ती, मला अय्यर कशाला, म्हणून मी ते सोडून दिलं. इथल्या तमिळ प्रॉटेस्टंट मंडळीत पाळकांनाच अय्यर म्हणतात, हे कळायला दुसरा रविवार उजाडला. उपासना झाल्यावर मी विचारलं, मुलांना घरी शिकवणारी ख्रिस्ती कुटुंबं इथे कोणी आहेत का? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, ''प्रवेश मिळत नाहीये का? मी शाळेत बोलतो.''

त्यांचं काय चुकलं? याच किनाऱ्यावर, तरंगंबाडीला, 1706 साली मिशनरी त्सीगेनबाल्ग उतरला आणि चर्चच्या बरोबरीनं शाळा काढत गेला. आमच्या नगरलाही वेगळं काही झालं नाही. मिशनरी सिंथिया फॅरारबाईंच्या हाताखाली सावित्रीबाई शिकवण्याचे धडे घ्यायला आल्या, ते नगरलाच. माझी पणजी मिशनच्या शाळेत अक्षर शिकली, म्हणून मी आज चार ओळी लिहिते. शाळेसाठी गावाशी भांडलेल्या माणसांची पणती मुलीला शाळेतून काढते आणि वर त्यासाठी ख्रिस्ती सोबत शोधते, हे आजीच्या कानावर गेलं असतं तर तिनं माझ्यासाठी प्रार्थना लावली असती.

बाकीच्यांचे तर्क आणखी वेगळे. कोणी म्हणे, रामानुजनही आपला आपणच शिकला ना! त्याचं घर सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर आहे, पाहुणे आले की आम्ही दाखवायला नेतो. पण तो इथल्या टाऊन हायस्कुलात रीतसर शिकला, बक्षिसं मिळवली. कॉलेजात गणित सोडून बाकीच्या बहुतेक विषयांत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली, ते नंतर. एक बाई मात्र काही न विचारता माझ्या हातावर हात ठेवून गेल्या. 16 जुलै 2004 ला या गावातल्या एका शाळेला आग लागली आणि 94 मुलं गेली. मी भीतीपोटी मुलीला घरी ठेवलंय, असं त्यांना वाटलं असावं. तसं नाही, हे सांगायला माझ्याकडे पुरेसं तमिळ नव्हतं.

कायद्याचा प्रश्न आमच्या ह्यांना जास्त छळायचा. 2009 चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेत घालण्याचं कर्तव्य पालकांवर टाकतो. न घातल्यास पालकांना शिक्षा मात्र सांगत नाही. पुढे दहावीला मुक्त विद्यालयाची परीक्षा आहे. तेवढ्यावर आम्ही झोपायचो.

खरी अडचण अपूर्णांकांची निघाली. तीन चतुर्थांश आणि दोन तृतीयांश यांत मोठा कोणता, यावरून आमच्या घरात दोन दिवस अबोला होता. आईनं चूक काढली की मुलीला त्यात आईचा रागच दिसतो. तीच चूक परक्यानं काढली की ती नुसती चूक असते. मला हवा होता तो हा परका माणूस. मी मात्र आपली माणसं शोधत बसले होते.

मग आम्ही तंजावरला गेलो, चाळीस किलोमीटरवर. श्वार्ट्झच्या चर्चमध्ये फ्लॅक्समननं घडवलेलं संगमरवरी शिल्प आहे: मिशनरी मरणशय्येवर, आणि शेजारी उभे तंजावरचे भावी राजे सरफोजी भोसले त्याचा हात हातात घेऊन. दत्तक वडील वारले तेव्हा सरफोजी दहा वर्षांचे. गादी काकांकडे गेली. पोराला कोंडून ठेवलंय, कोणी शिकवत नाही, म्हणून श्वार्ट्झ इंग्रजांकडे तक्रारी करत राहिला. पुढे मद्रासला त्यांचं शिक्षण झालं. गुरू गेला 1798 ला, आणि त्याच वर्षी शिष्य गादीवर आला. राजा शेवटपर्यंत आपल्या देवांचाच राहिला, तरी चर्चमधल्या या शिल्पाचे पैसे त्यानंच दिले. मुलीनं विचारलं, ''हे कुठल्या शाळेत होते?'' मी म्हटलं, ''शाळेत नव्हते. एकाच्या ओळखीनं दुसरा शिकवायला यायचा.''

परतल्यावर मी गट शोधणं सोडलं आणि ओळखी काढायला लागले. अय्यरांनी चर्चमागची रविवारच्या शाळेची खोली शनिवारी वापरायला दिली. मंडळीतले एक निवृत्त गणितशिक्षक आले, त्यांच्याबरोबर त्यांचे दोन नातू. एका कॅथलिक परिचारिकेनं मुलगा पाठवला, तो शाळेत जातो, पण शनिवारी मोकळा. शाळा सोडलेली एकटी आमचीच. मावसबहिणीला फोटो पाठवला तर तिनं विचारलं, ''याला को-ऑप म्हणायचं?''

आणि खालच्या मजल्यावरच्या आजी. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरकडे आलेल्या मराठी घराण्यातल्या. ख्रिस्ती नव्हेत, मारुतीच्या भक्त. मराठी बोलतात ते तमिळ हेल काढून, आणि त्यात असे शब्द येतात की मी कोश उघडते. देवनागरी त्यांना येत नाही. मराठी लिहितात ती तमिळ अक्षरांत. मुलीचं तमिळ वाचन त्यांच्याकडे असतं. पितळी डबऱ्यात कॉफी ओतून देतात आणि आपली वाण्याची यादी तिच्यापुढे सरकवतात.

परवा मी दारात उभी होते. मुलगी अक्षरावर बोट ठेवून वाचत होती. तमिळमध्ये क, ख आणि ग एकाच अक्षरात, ट आणि डही.

''टाळ. कूळ. सागर.''

आजी डोळे मिटून ऐकत होत्या. मुलगी थांबली, ओठांतल्या ओठांत पुन्हा एकदा म्हणाली आणि एकदम ओरडली, ''डाळ! गूळ! आजी, हे तर मराठी आहे!''

''मग? काय वाटलं तुला?''

''सागर किती आणायचा?''

''पाव किलो पुरे,'' आजी म्हणाल्या.