गरुडाच्या माहेरची राणी

नागपूरहून कामठी मागं टाकली, कन्हानचा पूल ओलांडला की जबलपूर रस्ता मोकळा होतो. मनसरच्या फाट्यावरून रामटेक. पण गडावर न चढता आधी नगरधन, असा माझा बेत होता. ड्रायव्हरला तो काही पटला नाही. "तिथं काय आहे जी पाहाले?" त्यानं विचारलं.

आहे ना! उभा दिसतो तो किल्ला भोसल्यांच्या काळचा. पण हे नगरधन म्हणजे वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता इथं सून म्हणून आली. नवरा, दुसरा रुद्रसेन, लवकर गेला; मुलगा लहान. निदान तेरा वर्षं तरी राज्यकारभार तिनंच हाकला.

तटावर चढलो. वर एक घार संथ गिरक्या घेत होती. एवढ्यात कुठूनसा कोतवाल पक्षी आला आणि तिच्या पाठीवर टोच मारून सटकला. घारीनं दुभंगलेली शेपटी जराशी तिरकी केली, बाजूला सरली. कोतवाल पुन्हा हजर! शेवटी घारीनंच शेताकडं काढता पाय घेतला. असल्या पक्ष्यांना ज्या राजांनी डोक्यावर घेतलं, त्यांनी कोतवाल पाहिला नसावा.

शिकारी पक्षी मिरवण्याची राजांची ही हौस इराणात फार जुनी. सायरस राजाच्या निशाणावर, लांब भाल्याच्या टोकाला, पंख पसरलेला सोन्याचा गरुड असे, असं ग्रीक लेखक झेनोफन सांगतो. अवेस्ता या जुन्या इराणी धर्मग्रंथातली गोष्ट मला जास्त आवडते: यिम राजा खोटं बोलू लागला, तेव्हा त्याचं राजतेज शिकारी पक्ष्याच्या रूपानं उडून गेलं. तिसऱ्या शतकात सासानी राजा दुसऱ्या बहरामनं तर मुकुटालाच पंख लावले.

आपल्याकडं गुप्तांचं चिन्ह गरुड. समुद्रगुप्ताच्या प्रयाग प्रशस्तीत गरुडमुद्रेचा उल्लेख आहे आणि चंद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यांवर राजासमोर गरुडध्वज. पश्चिमेकडच्या शक क्षत्रपांना हरवल्यावर त्यानं चांदीची नाणी त्यांच्याच घडणीची पाडली, मागच्या बाजूला मात्र गरुड बसवला. अशा घरची लेक ही प्रभावती. ताम्रपटात वंशावळ सांगते तीही आधी माहेरची.

आणि तिची मुद्रा? २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागानं इथं उत्खनन केलं, त्यात ती सापडली. लंबगोल, मातीची, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. त्यावर ब्राह्मीत राणीचं नाव आणि एक शंख. गरुड नाहीच! शंख विष्णूचा, गरुडही विष्णूचाच. भक्तीत फरक पडत नाही. पण इथल्या आज्ञांवर बापाचा गरुड उमटला असता, तर विदर्भ गुप्तांच्या पाटलिपुत्राचा मांडलिक दिसला असता. हा आपला माझा तर्क. मला तरी ती बाई धोरणी वाटते.

संध्याकाळी रामटेक चढलो. लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळचा शिलालेख आहे. देवगिरीच्या यादवांचं निशाण सोन्याचा गरुड. म्हणजे आठ-नऊ शतकांनी गरुडवाले राजे या टेकडीवर पुन्हा आलेच. भाविकांची रांग लेखाकडं ढुंकूनही न बघता पुढं सरकत होती.

रामटेकला जाल तेव्हा त्या लेखापाशी दोन मिनिटं थांबा. आणि वाट वाकडी करून नगरधनला जाच. फक्त उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत गाठा, तटावर सावली नाही.