प्रति रुपया पाणी

काही वर्षांपूर्वी एमआयडीसीजवळच्या एका वस्तीत मी एका कंपनीसाठी सर्वेक्षण केले. समाजशास्त्रात एम.ए. झालेलो, प्रश्नावली भरणे हातचा मळ. 'घरात नळ आहे का?' एका मावशींनी नळ सोडून दाखवला. म्हणाल्या, "नळ हाय रे लेकरा, पर पाण्याला वास मारतोय. प्यायचं अजून डोक्यावरनंच आणते." फॉर्मवर वासाला रकाना नव्हता. मी 'होय'वर खूण केली. अहवालात मावशी 'लाभार्थी' झाल्या. ती खूण मला आजही सलते.

कारण तोच खेळ आता मोठ्या कागदावर चालतो. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातील आघाडीच्या १००० कंपन्यांना 'बीआरएसआर' अहवाल सक्तीचा केला. एकूण किती पाणी वापरले, हे त्यात सांगावे लागते आणि उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागे किती, हेही. मिरवायला सोयीचा असतो तो दुसरा आकडा.

समजा, एका कारखान्याने १००० कोटींच्या उलाढालीवर १० लाख किलोलिटर पाणी वापरले. पुढच्या वर्षी मालाचे भाव वाढले, उलाढाल १२५० कोटी झाली आणि पाणी लागले ११ लाख किलोलिटर. कोटीमागचा वापर १००० वरून ८८० वर आला. अहवाल म्हणेल, १२ टक्के बचत! प्रत्यक्षात एक लाख किलोलिटर पाणी जास्त उपसले गेले. विहिरीला उलाढाल कळत नाही. आणि पाणीटंचाईच्या भागातून किती उपसले, हा प्रश्न या आराखड्यात ठेवला तो ऐच्छिक भागात.

यावर साहेब लोक विचारतात, "मोजलेच नाही, तर सुधारणार कसे?" मोजायला आमचा विरोध नाही. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. १९१८ साली लहान शेतजमिनींवर लिहिताना त्यांनी दाखवून दिले की शेत किफायतशीर आहे की नाही, हे नुसत्या आकारावरून ठरत नाही. भांडवल आणि श्रमाशी त्याचे प्रमाण पाहावे लागते. म्हणजे आकडा खरा असूनही प्रश्न चुकीचा असू शकतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. एकूण उपसा आधी सांगा, तोही कारखानानिहाय. आणि काय मोजायचे हे ठरवताना ज्यांच्या विहिरी शेजारी आहेत, त्यांना बसवा. वासाचा रकाना मावशींनी पहिल्याच बैठकीत सांगितला असता. मीही त्यांना तेव्हाच विचारायला हवे होते.